माळरानासाठी एकच टेलिफोटो लेन्स: प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२५

कामाचं स्वरूप ठरलं. पुणे जिल्ह्यातल्या गवताळ माळावरचे प्राणी-पक्षी वर्षभर फोटोत टिपायचे आणि ते ए३ आकारात छापून सुपे, बारामती, इंदापूर भागातल्या शाळांच्या भिंतींवर लावायचे. गटात आम्ही चौघं: मी, माझा धाकटा भाऊ, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आणि सुप्याजवळच्या धनगरवाडीतला दादा. कॅमेरे दोन आहेत, दोन्ही निकॉनचे मिररलेस. एक झेड ६ थ्री, म्हणजे फुल फ्रेम, २४.५ मेगापिक्सेल. दुसरा झेड ५० टू, छोट्या डीएक्स सेन्सरचा, २०.९ मेगापिक्सेल. लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स मात्र नाही. एकच घेता येईल आणि ती चौघांच्या हातात फिरेल.

माउंट (लेन्स जोडायची कॅमेऱ्यावरची खाच) आधीच ठरलेला असल्यामुळे यादी आपोआप आटोपशीर झाली. कोरी पाटी असती तर सोनीची २००-६०० (हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटर म्हणजे एमएममध्ये; आकडा मोठा तितकं चित्र जवळ) किंवा कॅननची १००-५०० यांचाही गंभीरपणे विचार केला असता. दोन्ही उत्तम लेन्स आहेत. पण हातातले कॅमेरे विकून पुन्हा सुरुवात करण्यात वर्ष वाया जाईल.

यादीत राहिलेल्या (कंसात एफ क्रमांक, म्हणजे फोकल लेंथ भागिले लेन्सच्या छिद्राचा व्यास): निकॉनची झेड १८०-६०० (एफ ५.६ ते ६.३), झेड ६०० पीएफ (एफ ६.३), झेड ४०० (एफ ४.५), झेड १००-४०० (एफ ४.५ ते ५.६) आणि टॅमरॉनची १५०-५०० (एफ ५ ते ६.७). ६०० एफ ४ चा विषय काढलाच नाही. ती किंमत दहा लाखांच्या पुढे जाते आणि वजन तीन किलोंच्या वर.

१५ नोव्हेंबर

दुकानात जाण्याआधी कागदावर हिशेब केला. ‘किती एमएम हवी’ हा प्रश्न हवेत विचारून उपयोग नाही. जनावर किती मोठं, ते किती लांब उभं राहणार आणि फोटो किती मोठा छापायचा, या तीन गोष्टी कळल्या की उत्तर निघतं.

सूत्र सोपं आहे. प्राण्याची उंची गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर. म्हणजे त्या प्राण्याची सेन्सरवरची उंची मिळते. चिंकारा खांद्यापर्यंत साधारण ६५ सेंटीमीटर भरतो. तो ८० मीटरवर असेल आणि लेन्स ६०० एमएमवर असेल, तर सेन्सरवर तो ४.९ मिलिमीटर उंच उमटतो. ४०० एमएमवर सव्वातीन मिलिमीटर.

खरी मौज पुढे आहे. हे ४.९ मिलिमीटर दोन्ही कॅमेऱ्यांत सारखेच, कारण प्रतिमा लेन्स बनवते, सेन्सर नाही. फरक पडतो तो पिक्सेलच्या आकाराने. झेड ६ थ्रीचा एक पिक्सेल साधारण ५.९ मायक्रॉनचा, झेड ५० टूचा ४.२ मायक्रॉनचा. त्यामुळे तोच चिंकारा पहिल्यावर सुमारे ८२० पिक्सेल उंच येतो आणि दुसऱ्यावर सुमारे ११५०. ‘छोट्या सेन्सरवर ६०० ची ९०० होते’ असं सगळीकडे सांगितलं जातं. ते चौकटीपुरतं खरं आहे. तपशील किती मिळणार हे पिक्सेल ठरवतो. ४५ मेगापिक्सेलचा झेड ८ घेतला असता तरी त्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे लांबच्या जनावरावर आपल्या स्वस्त झेड ५० टूइतकाच तपशील.

छपाईचा हिशेब: झेड ५० टूची पूर्ण फ्रेम ५५६८ बाय ३७१२ पिक्सेल. ए३ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण ४९६० बाय ३५०८ लागतात. म्हणजे फ्रेम न कापता छापली तर जेमतेम पुरते, आणि ८० मीटरवरचा चिंकारा कागदावर सुमारे ९ सेंटीमीटर उंच दिसतो. मुलांना भिंतीजवळ उभं राहून बघायला तेवढं पुष्कळ आहे.

लांबच्या कामाला झेड ५० टू. ठरलं.

१९ नोव्हेंबर

भावाचं म्हणणं, एफ क्रमांक छोटा तेवढी लेन्स चांगली, म्हणून ४०० एफ ४.५ घ्यावी. त्यावर बराच वेळ बोललो, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो.

जनावर लांब असेल आणि फोटो शेवटी कापावाच लागणार असेल, तर त्या जनावराकडून किती प्रकाश गोळा होतो हे एफ क्रमांक सांगत नाही. ते लेन्सच्या छिद्राचा प्रत्यक्ष व्यास सांगतो. फोकल लेंथला एफ क्रमांकाने भागलं की व्यास मिळतो:

झेड १८०-६०० आणि ६०० पीएफ: ६०० भागिले ६.३, म्हणजे ९५ मिलिमीटर.
झेड ४००: ४०० भागिले ४.५, म्हणजे ८९.
टॅमरॉन १५०-५००: ५०० भागिले ६.७, म्हणजे ७५.
झेड १००-४००: ४०० भागिले ५.६, म्हणजे ७१.

प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ६०० एफ ६.३ ही ४०० एफ ५.६ पेक्षा त्याच चिंकाऱ्याकडून पावणेदोन पटीहून थोडा जास्त प्रकाश घेते, तिचा एफ क्रमांक मोठा असूनही. ४०० एफ ४.५ ला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायचं, फोकल लेंथ वाढवणारं भिंग) लावला की ती ५६० एफ ६.३ होते, व्यास ८९ च राहतो. कन्व्हर्टर प्रकाश वाढवत नाही, आहे तोच मोठ्या जागेवर पसरवतो.

भावाला हे पटलं, पण त्याने उलट मुद्दा काढला तोही बरोबर आहे: जनावर जवळ असेल आणि फ्रेम भरत असेल तर छोटा एफ क्रमांक खरंच कामाचा. तेव्हा पुन्हा सगळं अंतरावरच येऊन थांबतं. माळावर आपली अंतरं काय असतात ते मोजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

२३ नोव्हेंबर, मयूरेश्वर अभयारण्य, सुपे

पुण्यातून १८०-६०० दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली. हे अभयारण्य अगदी लहान, पाच चौरस किलोमीटरच्या थोडंसं वर, १९९७ साली जाहीर झालेलं, चिंकाऱ्यांसाठी. गाडीतूनच काम. खिडकीवर कापडी पिशवी, तिच्यात ज्वारी भरलेली. तिच्यावर लेन्स इतकी शांत बसते की तिपाईची आठवण येत नाही.

दादाने अंतरं पावलांनी मोजून सांगितली, नंतर नकाशावर ताडून पाहिली. चिंकारा रस्त्याच्या गाडीला सरावलेला असला तरी ६० मीटरच्या आत क्वचित. बहुतेक वेळा ७० ते १२०. माळटिटवी आणि धाविक गाडी थांबून राहिली तर २० मीटरवर येतात. चंडोल आणि त्याच्याच कुळातली डोंबारी तर त्याहून जवळ. खाटीक पक्षी बाभळीच्या शेंड्यावर, साधारण २५.

सूर्य उगवायच्या सुमारास एफ ६.३, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ४००० च्या घरात. आजकालच्या नॉइज (फोटोतले दाणे) काढणाऱ्या सॉफ्टवेअरने हे फोटो ए३ वर सहज जातील. ऊन चांगलं पडल्यावर शटर दोन हजारावर नेऊनही आयएसओ हजाराच्या खाली राहिला.

ऑटोफोकस: झेड ५० टूला पक्ष्यांसाठी वेगळी ओळख आहे आणि ती उघड्यावरच्या धाविकाचा डोळा झटकन पकडते. मात्र मध्ये गवताच्या काड्या असल्या की फोकस काड्यांवर चिकटतो. यावर दोन उपाय लागू पडले. फोकसचा चौकोन लहान करायचा आणि लेन्सवरची फोकस मर्यादेची कळ सहा मीटर ते अनंत यावर ठेवायची. एकदा जनावरावर फोकस बसला की मग चौकोन मोठा केला तरी कॅमेरा सोडत नाही.

झूम आतल्या आत होतो, नळी बाहेर येत नाही. माळावरच्या धुळीत याची किंमत कळते. शिवाय पिशवीवर तोल बदलत नाही. १८० पासून ६०० पर्यंत जायला कडं थोडंसंच फिरवावं लागतं, मनगट उचलून पुन्हा पकडायची गरज नाही.

३० नोव्हेंबर, पुन्हा सुपे

आजचा दिवस फक्त हवेसाठी. लेन्सच्या चर्चांमध्ये या गोष्टीला जितकं महत्त्व मिळायला हवं तितकं मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जमीन तापली की तिच्या लगतची हवा तापते, वर थंड हवा, आणि या थरांमधून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. डोळ्यांना ती मृगजळासारखी थरथर दिसते. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी ती ६०० एमएमला दिसू लागते. फोटो मऊ येतो, कडा दुहेरी होतात, आणि माणूस लेन्सला किंवा ऑटोफोकसला दोष देतो.

वनखात्याच्या हद्दीच्या दगडांवर रंगाने आकडे लिहिलेले आहेत. असेच दगड ४०, ८० आणि १५० मीटरवर ठेवून, म्हणजे गाडी त्या त्या अंतरावर उभी करून, सकाळी सव्वासातपासून अकरापर्यंत ६०० एमएमवर फोटो काढले. प्रत्येक वेळी एका दमात दहा-बारा.

सव्वासात: तिन्ही अंतरांवर आकडा स्वच्छ. १५० मीटरवरही रंगाचे पोपडे दिसतात.
साडेआठ: १५० मीटरवर एका मालिकेतले काही फोटो स्वच्छ, काही मऊ. हीच हवेची खूण. लेन्सचा दोष असता तर सगळेच सारखे मऊ आले असते.
साडेनऊ: १५० निकालात. ८० मीटरवर आकडा वाचता येतो पण कडा लाटेसारख्या.
अकरा: फक्त ४० मीटरवरचा दगड विश्वासाने छापता येईल.

हे नोव्हेंबरअखेर. मार्च-एप्रिलमध्ये ही वेळ आणखी अलीकडे येईल.

यातून दोन निर्णय झाले. पहिला, १.४ चा टेलिकन्व्हर्टर घ्यायचा नाही. १८०-६०० वर तो लावला की ८४० एफ ९ होते, पण ज्या अंतरासाठी ती लांबी हवी त्या अंतरावरची हवाच साडेआठनंतर साथ देत नाही. दुसरा, गाडीचं इंजिन पूर्ण बंद आणि बॉनेटवरून फोटो काढायचा नाही. गरम बॉनेट ही डोळ्यासमोरची छोटी भट्टीच. पहाटे उबदार गाडीतून लेन्स थंड हवेत बाहेर काढली तर हूडमध्ये (लेन्सच्या तोंडावरच्या नळकांड्यात) अडकलेल्या हवेनेही हेच होतं, तेव्हा काचा आधीपासूनच उघड्या ठेवायच्या. गाडीच्या टपाच्या उंचीवरून काढलेले फोटो खिडकीतल्या फोटोंपेक्षा थोडे बरे आले, कारण दृष्टीची रेघ जमिनीपासून तेवढीच वर राहते.

५०० की ६०० हा वाद सकाळी नऊच्या आतला आहे. नंतर दोन्ही सारख्याच.

६ डिसेंबर, कडबनवाडी

आज ६०० पीएफ भाड्याने. हिच्याबद्दल मनापासून लिहितो, कारण लेन्स म्हणून ती मला सर्वांत आवडली. कॉलरसकट (तिपाईला जोडायच्या कड्यासकट) १४७० ग्रॅम. १८०-६०० कॉलरसकट २१४० ग्रॅम. कागदावर हा फरक पाऊण किलोच्याही आतला, पण हातात घेतल्यावर दोन वेगळ्या गोष्टी. बाईंना १८०-६०० हातात धरून पाच मिनिटं उभं राहणं जड जातं. पीएफ त्यांनी उडत्या भोवत्याच्या (गवतावर तरंगणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या) मागे सलग फिरवली. पीएफ म्हणजे फेझ फ्रेनेल भिंग. त्याच्यावरच्या बारीक कड्यांमुळे एका भिंगात बरंच काम होतं, म्हणून लेन्स आखूड आणि हलकी.

वनविभागाच्या गवताळ सफारीत ठरलेला रस्ता सोडता येत नाही आणि ते योग्यच आहे. म्हणजे अंतर जनावर ठरवणार. बिळापाशी बसलेलं खोकड (माळावरचा छोटा कोल्हा) साधारण ५० मीटरवर मिळालं, कोवळ्या उन्हात, मिशीचा केस न् केस मोजता येईल असं.

अडचणी दोनच, पण आपल्या कामाला नडणाऱ्या. जवळात जवळ फोकस चार मीटरवर. गाडीच्या चाकाशी आलेली डोंबारी सुटली. आणि लांडगा. दादाच्या वाडीजवळच्या वाटेने तो मेंढरांच्या कळपामागून चालत गेला, रस्त्यापासून जेमतेम ३५ मीटर. ६०० एमएमवर नुसता लांडगा आला. मेंढरं नाहीत, माळ नाही. फोटो सुरेख आहे, पण तो लांडगा कुठला आहे हे त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

दादा स्क्रीनवर बघून म्हणाला, “नुसतं तोंड काढू नका सर. गवत दिसू द्या. गवत नसलं तर यातलं काहीच नसतं.”

१४ डिसेंबर, भिगवण

कुंभारगावच्या बाजूने होडी. १८०-६०० पुन्हा भाड्याने. उजनीचं पाणी अजून वर आहे, उथळ चिखल उघडा पडला नाही, त्यामुळे रोहित (फ्लेमिंगो) थोडेच. पट्टकदंब (बार-हेडेड गूज) मात्र भरपूर.

होडीत तिपाई, पिशवी सगळं निरुपयोगी. हातात धरूनच. व्हीआर (लेन्समधलं स्थिरीकरण) ‘स्पोर्ट’वर ठेवलं तर होडीच्या डुलण्यातही व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर राहतं. झेड ५० टूच्या सेन्सरला स्वतःचं स्थिरीकरण नाही, तेव्हा लेन्समध्ये ते असणं आपल्याला आवश्यकच. कुरव (गल पक्षी) तीन मीटरवर येतात. १८०-६०० ची जवळची मर्यादा ६०० एमएमवर २.४ मीटर, १८० वर १.३. काही सुटलं नाही.

पीएफ आज नव्हती, पण उलट्या उन्हात चमकणारं पाणी पाहून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: फ्रेममध्ये किंवा तिच्या कडेशी प्रखर उजेड आला की पीएफ भिंगात रंगीत कड्यांची चमक येऊ शकते. निकॉनने स्वतःच हे सांगून ठेवलं आहे. भिगवणची निम्मी सकाळ उलट्या उन्हातच जाते.

नावाडीदादांनी पट्टकदंबांच्या थव्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं आणि पुढे काठीने होडी रेटली. “उडवायचे नाहीत,” एवढंच म्हणाले. थवा उडाला नाही. लांब लेन्सचा खरा उपयोग हाच, की आपण जिथे आहोत तिथेच थांबू शकतो.

२० डिसेंबर

आजवरचे सगळे फोटो एकत्र मांडून बाईंनी शाळेसाठी निवड केली. त्यांना लेन्सची माहिती न देता निवड करायला सांगितलं होतं. नंतर फोकल लेंथप्रमाणे फोटो लावून पाहिले.

पक्ष्यांमध्ये अपेक्षेप्रमाणे बहुतेक ६०० वरचे. पण चिंकारा, खोकड, थवे यांच्या निवडीत २०० ते ३५० एमएमचे फोटो मोठ्या संख्येने होते: कुसळी गवतात कानापर्यंत बुडालेला चिंकारा, मागे सुप्याची टेकडी, बाभळीखाली ऊन चुकवणारं खोकड, पट्टकदंबांमागे मासेमारीची जाळी. बाई म्हणाल्या, “हे आमच्या पोरांना ओळखू येईल. ही त्यांच्या घरामागची जागा आहे.”

आपल्या प्रकल्पाचा गाभा हाच आहे, आणि माझं मत इथे पक्कं झालं. गवताळ माळ सरकारी कागदांवर वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हणून नोंदला गेला. तिथे झाडं लावणं, चर खोदणं, प्रकल्प आणणं हे सगळं त्या एका नोंदीतून सोपं होतं. अशा जागेचे फोटो काढताना जमीनच कापून टाकणारी लेन्स घेतली तर सुंदर जनावरं हाती राहतील आणि त्यांचं घर पुन्हा अदृश्य राहील. आपल्याला पुढे जाणारी लेन्स हवी, तशीच मागे येणारीही हवी. आणि हद्दीच्या दगडांनी दाखवलं तसं, नऊनंतर हवा आपल्याला मागे यायला लावतेच. तेव्हा जवळचं गवत आणि मोठी चौकट हेच दहा-अकरा वाजताचं चांगलं काम.

म्हणून १८०-६००. ४०० एफ ४.५ आणि ६०० पीएफ झूम नसल्यामुळे बाद. टॅमरॉनवर थोडं थांबलो: वजन सुमारे १.७ किलो, १५० वर जवळची मर्यादा फक्त ०.६ मीटर, फुलपाखरांना छान. पण नळी बाहेर येते आणि पहाटेच्या उजेडात ७५ विरुद्ध ९५ मिलिमीटरचा फरक सोडवत नाही. १००-४०० पायी फिरणाऱ्यासाठी माझी पहिली शिफारस असेल. आपण गाडीत आणि होडीत असतो.

२७ डिसेंबर

लेन्स घेतली. अधिकृत बिल आणि भारतातली वॉरंटी असलेलीच. ग्रे मार्केटमध्ये (अनधिकृत आयातीत) स्वस्त मिळत होती, पण चार हातांत फिरणारी वस्तू कधीतरी दुरुस्तीला जाणार हे गृहीत धरायला हवं.

घरी आणून तपासणी: विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर लावून १८०, ४०० आणि ६०० वर, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो. चारही कोपरे सारखेच स्पष्ट. एखादा कोपरा तिन्ही ठिकाणी मऊ आला असता तर भिंग तिरपं बसलंय असं समजून बदलून मागितली असती. ही तपासणी संध्याकाळी, भिंत थंड झाल्यावर करावी.

लेन्सचा पाय तिपाईच्या नेहमीच्या आर्का खाचेत बसत नाही. तसा बसणारा वेगळा पाय मागवला.

४ जानेवारी २०२६, कडबनवाडी

संध्याकाळी भोवत्ये गवतात मुक्कामाला उतरतात तेव्हा. माँटेग्यूचे आणि पांढुरके, दोन्ही. मुक्कामाच्या जागेपासून लांब, रस्त्यावरच थांबलो. शटर दोन हजार, एफ ६.३, आयएसओ ऑटो. ऊन उतरल्यावर आयएसओ फार चढू लागला तेव्हा शटर हजारावर आणलं. तरंगत येणाऱ्या भोवत्याला तेवढं पुरतं.

बाईंच्या खांद्याचा प्रश्न सुटला: कॅमेऱ्याऐवजी लेन्सच्या कॉलरला पट्टा अडकवून आडवा घातला. आता भार मानेवर येत नाही आणि माउंटवरही ताण नाही. उडत्या पक्ष्यांना त्या आधी ३०० वर पकडतात आणि मग ६०० वर जातात. पक्षी हरवण्याचं प्रमाण लगेच कमी झालं.

११ जानेवारी

हातोहात जाण्याचं वेळापत्रक ठरलं. पहिला आणि तिसरा आठवडा दादाकडे सुप्याला, दुसरा बाईंकडे, चौथा आम्हा भावांकडे. सोबत ज्वारीची पिशवी, दोन बॅटऱ्या आणि वही. वहीत प्रत्येक फेरीला जागा, वेळ, जनावराचं अंदाजे अंतर आणि हवेची थरथर कधी सुरू झाली ते लिहायचं. उन्हाळ्यात कामाच्या वेळा या वहीवरूनच ठरवू.

लांडग्याच्या बिळांच्या जागा वहीत लिहायच्या नाहीत आणि फोटोंमधली जीपीएस माहिती छपाईआधी काढून टाकायची, असं दादाने सुचवलं आणि सगळ्यांनी मान्य केलं.

पहिला संच छपाईला पाठवला. पहिल्या पानावर कुसळी गवतातला चिंकारा, २४० एमएमवरचा.